सच्छिद्र धातू आणि इंधन-विद्युत् घट



हायड्रोजन हे उद्याचे इंधन आहे, असे आपण अलीकडे वारंवार ऐकतो. परंतु हायड्रोजनपासून वीज देणारे साधन सर्वसामान्यांच्या आवाक्यात येणार की मूठभरांपुरते राहणार, हे बऱ्याच अंशी एका लहानशा घटकावर अवलंबून आहे. तो घटक म्हणजे उत्प्रेरक. आज सच्छिद्र मिश्रधातूंपासून सिद्ध होणाऱ्या उत्प्रेरकांविषयी चार शब्द सांगावयाचे आहेत.

इंधन-विद्युत् घटाचे तत्त्व जुने आहे. विल्यम ग्रोव्ह या ब्रिटिश शास्त्रज्ञाने १८३९ साली ते मांडले. या घटात ज्वाला नसते. एका विद्युत् अग्रावर हायड्रोजन आपले इलेक्ट्रॉन सोडतो. ते बाहेरच्या तारेतून वाहत दुसऱ्या अग्राकडे जातात व तेथे ऑक्सिजनशी संयोग होऊन केवळ पाणी उरते. मात्र वायू, द्राव आणि धातू ही तिन्ही जेथे एकत्र येतात, तेथेच ही क्रिया घडते. गुळगुळीत पत्र्यावर अशी जागा अत्यल्प असते. म्हणून धातूला छिद्रे हवीत, आणि तीही असंख्य.

ही छिद्रे पाडण्याची एक सुबक रीत तेलाच्या धंद्यातून आली. अमेरिकेतील अभियंते मरे रेनी हे सरकीच्या तेलाचे हायड्रोजनच्या साहाय्याने घट्ट स्निग्धात रूपांतर करण्यासाठी चांगला उत्प्रेरक शोधीत होते. त्यांनी निकेल व ॲल्युमिनियम समभाग घेऊन मिश्रधातू बनविली, तिची पूड केली आणि ती कॉस्टिक सोड्याच्या द्रावणात टाकली. ॲल्युमिनियम विरघळून गेले आणि निकेलचा जाळीदार सांगाडा मागे राहिला. या रीतीचे एकस्व त्यांना १९२७ साली मिळाले. अशा एक ग्रॅम निकेलचे अंतर्गत पृष्ठफळ सुमारे १०० चौरस मीटर, म्हणजे एखाद्या प्रशस्त घराच्या जमिनीएवढे, भरू शकते. ते इतके क्रियाशील असते की, कोरडे होऊन हवेत आल्यास पेट घेते. म्हणून ते पाण्याखाली ठेवावे लागते.

इंग्लंडमध्ये फ्रान्सिस बेकन यांनी निकेलची पूड तापवून, सांधून सच्छिद्र अग्रे तयार केली आणि १९५९ साली ५ किलोवॅट शक्तीचा घट चालवून दाखविला. त्यात प्लॅटिनम नव्हते. याच परंपरेतील घटांनी अपोलो यानांना वीज पुरविली आणि अंतराळवीरांना पिण्याचे पाणीही दिले.

मग हा घट घरोघरी का पोहोचला नाही? बेकन यांच्या घटातील द्राव अल्कधर्मी होता. हवेतील कार्बन डायऑक्साइड त्यात मिसळला की कार्बोनेट तयार होऊन छिद्रे बुजू लागतात. अंतराळात शुद्ध ऑक्सिजन नेता येतो. रस्त्यावरील वाहनाला हवेवरच भागवावे लागते. म्हणून वाहनांसाठी आम्लधर्मी पटलाचा घट पसंत केला गेला. परंतु आम्लात निकेल टिकत नाही. तेथे महागडे प्लॅटिनम लागते, आणि जगातील बहुतांश प्लॅटिनम एकट्या दक्षिण आफ्रिकेतून येते. खनिज तेलाचे परावलंबित्व सोडून प्लॅटिनमचे पत्करणे शहाणपणाचे ठरणार नाही.

येथे मिश्रधातू पुन्हा साहाय्यास येते. प्लॅटिनममध्ये कोबाल्ट किंवा निकेल मिसळले असता त्याचे अणू जवळ ओढले जातात, ऑक्सिजनवरील त्यांची पकड योग्य तेवढी सैल होते व क्रियेला वेग येतो. पृष्ठभागावरील हलका धातू आम्लाने काढून टाकला की थोडे प्लॅटिनम अधिक काम देते. दोष एवढाच की, आत राहिलेला हलका धातूही हळूहळू झिरपतो व पटलास अपाय करतो. टिकाऊपणा ही आजची खरी कसोटी आहे.

या प्रश्नाशी आपल्या राज्याचा निकटचा संबंध आहे. पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेच्या सहभागाने विकसित झालेली स्वदेशी इंधन-घट बस २०२२ साली पुण्यातच सादर करण्यात आली. २०२३ साली केंद्र शासनाने राष्ट्रीय हरित हायड्रोजन अभियानास मान्यता दिली. २०३० पर्यंत वर्षाला ५० लाख टन उत्पादनक्षमतेचे त्याचे उद्दिष्ट आहे. पाण्याचे विघटन करून हायड्रोजन मिळविणाऱ्या अल्कधर्मी संयंत्रांत सच्छिद्र निकेल आजही उपयोगी पडते. म्हणजे स्वस्त धातूला वाव नाही, असे मुळीच नाही.

मित्रहो, रेनी यांनी नवा धातू शोधला नाही. होता त्यातून काय काढून टाकावे, हे ओळखले. मौल्यवान धातूंची आपल्याकडे वाण असली, तरी अशा दृष्टीची वाण असण्याचे कारण नाही. आपल्या प्रयोगशाळांतून ती दृष्टी जोपासली जावो, एवढी अपेक्षा व्यक्त करून मी आपली रजा घेतो.