पिशवी जाते कुठे?

(मंडळाच्या जून महिन्यातील सभेत कार्यकारिणीतर्फे केलेले भाषण)



गेल्या गणेशोत्सवात घरी न्यायच्या प्रसादासाठी आम्ही 'बायोडिग्रेडेबल' असे छापलेल्या पिशव्या आणल्या होत्या. साध्या झबल्यापेक्षा महाग पडल्या, तरी खजिनदारांनी कुरकुर केली नाही. आम्ही माइकवरून तीन-तीनदा जाहीर केले की यंदा आपले मंडळ पर्यावरणस्नेही झाले! त्या घोषणेचा आज खुलासा करायचा आहे.

इंग्लंडमधल्या प्लिमथ विद्यापीठात रिचर्ड थॉम्प्सन नावाचे सागरी जीवशास्त्रज्ञ आहेत. विद्यार्थी असताना ते आयल ऑफ मॅन बेटावर किनारा साफ करायला गेले होते. लोक बाटल्या, दोर, जाळी उचलत होते. वाळूत मिसळलेल्या रंगीत कणांकडे कोणी पाहत नव्हते. आपल्या विसर्जनानंतरच्या सफाईत तरी वेगळे काय होते? त्या कणांचा माग काढत त्यांनी 2004 साली सहकाऱ्यांसह 'सायन्स' नियतकालिकात जेमतेम एका पानाचा लेख लिहिला. 'मायक्रोप्लास्टिक' हा शब्द त्यानंतर सगळीकडे रूढ झाला. पाच मिलिमीटरपेक्षा लहान तुकड्यांना आता हे नाव आहे.

त्या एका पानातली एक गोष्ट आम्हाला फार आवडली. जहाजामागे ओढायचे एक यंत्र ब्रिटनमध्ये 1931 पासून वापरात आहे. आत रेशमी जाळीची पट्टी हळूहळू गुंडाळली जाते आणि पाण्यातले सूक्ष्म जीव तिच्यात अडकतात. त्या पट्ट्या वर्षानुवर्षे जपून ठेवलेल्या होत्या. स्कॉटलंडहून शेटलंड बेटांकडे आणि आइसलंडकडे जाणाऱ्या मार्गांवरच्या, 1960 च्या दशकापासूनच्या पट्ट्या थॉम्प्सन यांच्या गटाने तपासल्या. जीवांबरोबर प्लास्टिकचे तंतूही निघाले. साठ-सत्तरच्या दशकांपेक्षा ऐंशी-नव्वदच्या दशकांत बरेच जास्त. जुने दप्तर सांभाळणाऱ्या आमच्यासारख्या सरकारी नोकरांची लोक थट्टा करतात. इथे जुने दप्तर होते म्हणूनच उत्तर मिळाले. टाकीतल्या प्रयोगात किनाऱ्यावरच्या किड्यांनी हे कण थोड्याच दिवसांत गिळले, हेही त्याच लेखात आहे.

हे तंतू येतात कुठून? एक वाट आपल्या घरातूनच जाते. इमोजेन नॅपर आणि थॉम्प्सन यांनी 2016 मध्ये धुण्याच्या यंत्राचे पाणी गाळून पाहिले. सहा किलो ॲक्रिलिक कपड्यांच्या एका धुण्यातून सात लाखांहून अधिक तंतू सुटू शकतात, असा हिशेब निघाला.

आता आमची पिशवी. याच दोघांनी 2019 मध्ये पाच प्रकारच्या पिशव्यांचा अभ्यास प्रसिद्ध केला. काही हवेत टांगल्या, काही मातीत पुरल्या, काही समुद्रात ठेवल्या. उघड्या हवेत नऊ महिन्यांत सगळ्यांचे तुकडे झाले. म्हणजे पिशवी दिसेनाशी झाली, पण प्लास्टिक संपले असे नव्हे. कंपोस्ट होणारी पिशवी समुद्रात तीन महिन्यांत नाहीशी झाली. मातीत मात्र सत्तावीस महिन्यांनीही शिल्लक होती, फक्त वजन पेलत नव्हती. आणि 'बायोडिग्रेडेबल' लिहिलेली? तीन वर्षांहून अधिक काळ मातीत आणि समुद्रात राहूनही तिच्यातून बाजारहाट करता येत होता.

ही चाचणी तिकडच्या पिशव्यांची आहे. आमच्या पिशव्या त्याच जातीच्या की नाहीत, हे दुकानदाराला सांगता आले नाही. आम्हीही घेताना विचारले नव्हते, हा दोष आमचा.

कोणी म्हणेल, वडोदऱ्यात समुद्र कुठे आहे? पण विश्वामित्री ढाढरला मिळते आणि ते पाणी खंभातच्या आखातात जाते. 2024 च्या ऑगस्टमधला पूर ओसरल्यावर काठच्या झाडांवर पिशव्यांची तोरणे लटकलेली आपण सगळ्यांनी पाहिली. मगरींच्या बातम्या झाल्या, तोरणांच्या झाल्या नाहीत. जी झाडांना अडकली नाहीत ती पुढे गेली.

तेव्हा यंदा प्रसाद द्रोणात मिळेल. घरी न्यायचा असेल त्यांनी डबा आणावा. मखराला थर्माकोल आणि चमकी नाही, ती चमकीही प्लास्टिकच असते. मखर थोडे फिके दिसेल, मुले नाराज होतील, हे आम्ही धरून चाललो आहोत.

उरलेल्या पिशव्यांपैकी दोन आम्ही गेल्या अनंत चतुर्दशीला सभागृहामागच्या तुळशीजवळ पुरल्या आहेत. यंदा विसर्जनाच्या दुसऱ्या दिवशी सकाळी नऊला त्या उकरायच्या आहेत. खुरपे आमच्याकडे आहे. ज्यांना पाहायचे असेल त्यांनी यावे.