ताण, टाऊ आणि घरातली वडीलधारी माणसे

गौतमपुऱ्यात राहणाऱ्याला ताण म्हणजे काय ते सांगायला नको. दिवाळीच्या दुसऱ्या दिवशी तुर्रा आणि कलंगी समोरासमोर उभे राहतात, दारू भरलेले हिंगोट सणसणत येते आणि दूर उभ्या माणसाचीही छाती धडधडते. घरी येऊन पाणी प्यायले की ती शमते. मला बोलायचे आहे ते न शमणाऱ्या ताणाविषयी.

मेंदूच्या पेशीतून माल वाहणाऱ्या सूक्ष्म नळ्या असतात. टाऊ नावाचे प्रथिन त्या नळ्यांना सावरून धरते. त्यावर फॉस्फेट जास्त चढले की पकड सुटते आणि सुटलेले टाऊ आपसात गुंतते. आलॉइस आल्झायमर यांनी १९०६ साली वर्णिलेले गुंते ते हेच.

२००७ मध्ये अमेरिकेतील साल्क संस्थेच्या रॉबर्ट रिसमन आणि सहकाऱ्यांनी उंदरांना अर्धा तास कोंडून ठेवले. टाऊवर फॉस्फेट चढले, पण पुढे उतरलेही. दोन आठवडे रोज कोंडले, तेव्हा मात्र ते उतरेना, आणि त्यातले काही टाऊ न विरघळणारे झाले. आपण सारा दोष कॉर्टिसोलला देतो. इथे अ‍ॅड्रिनल ग्रंथी काढलेल्या उंदरांतही तेच घडले. निरोप मेंदूतल्याच सीआरएफ या रसायनाचा होता. बंगळुरूला सुमंत्र चटर्जी यांच्या प्रयोगशाळेने २००२ मध्ये दाखवले होते, की रोज दोन तास असे दहा दिवस जखडलेल्या उंदरांत स्मरणाच्या भागातील पेशींच्या फांद्या खुरटतात आणि भीतीच्या केंद्रातल्या वाढतात.

पण हे उंदरांचे झाले. माणसात वय, आनुवंशिकता, रक्तदाब, बहिरेपण, किती धागे! म्हणून एखादा मुलगा जेव्हा मला विचारतो, ‘मीच बाबांना घोर लावला, त्याने हे झाले का?’ तेव्हा मी स्पष्ट सांगतो, नाही. एका भांडणाने, एका कर्जाने हा आजार होत नाही. मला काळजी वाटते ती रात्र रात्र जागणाऱ्या त्याच्या बायकोची. तिच्या कोंडण्याला दोन आठवड्यांची मुदतही नाही. आठवड्यातून दोन रात्री तरी दुसऱ्या कुणी जागावे. नणंद इंदुरातच असते ना?

आमच्या आत्याबाई मला ओळखीनाशा झाल्या होत्या. मागच्या दिवाळीत मैदानाकडून आवाज आला तशा दचकल्या आणि म्हणाल्या, ‘पोरं आली का रे घरी?’ पोरे कधीच साठीची झाली होती. आली, म्हणालो. मग त्यांनी चहा मागितला.