फडक्याकडे बघा

(पारनेर येथील वसंत व्याख्यानमालेत दिलेलं व्याख्यान)



व्याख्यानमाला म्हटली की संतसाहित्य, इतिहास, शेतीपाणी हे विषय ठरलेले. मी मात्र गाडीच्या बंपरला पॉलिश कसं करावं यावर बोलणार आहे. पत्रिका वाचून काहींच्या भुवया वर गेल्या असतील. पण सेनापती बापटांचं हे गाव. बापट शिष्यवृत्ती घेऊन विलायतेला गेले ते एडिंबरोला, आणि तेही यंत्रविद्या शिकायला. तेव्हा यंत्रांच्या गोष्टी या गावाला परक्या वाटू नयेत.

माझ्याकडे एक जुनी पद्मिनी आहे. कुर्ल्याच्या प्रीमियर कारखान्यातली. काळीपिवळी पद्मिनी 2023 च्या ऑक्टोबरात मुंबईच्या रस्त्यांवरून निवृत्त झाली, पण गावोगावच्या अंगणांत काही पद्मिन्या अजून उभ्या आहेत. या गाडीवर धातू भरपूर: बंपर, जाळी, दारांच्या मुठी, चाकांच्या टोप्या. आजच्या गाडीवर जे 'क्रोम' म्हणून चमकतं ते पुष्कळदा मुलामा दिलेलं प्लास्टिक असतं. त्याला पॉलिश लावायचंच नाही, साबणपाणी पुरे.

आधी मुळाशी जाऊ. पॉलिश करतो तेव्हा नेमकं काय होतं? आपल्याला वाटतं, डबीतली चमक आपण धातूवर चढवतो. घडतं उलटंच. आपण धातू काढतो. निघोजला कुकडीच्या पात्रातले रांजणखळगे आपण सगळ्यांनी पाहिले आहेत. पाण्याच्या भोवऱ्यात सापडलेले दगडगोटे वर्षानुवर्षं फिरत राहिले आणि त्यांनी काळ्या कातळात रांजण कोरले. खळग्याच्या आतल्या अंगाला हात लावून पाहा, कसा गुळगुळीत लागतो. पॉलिशच्या डबीतही हाच कारभार चालतो. फक्त दगडांच्या जागी डोळ्याला न दिसणारे कण असतात.

न्यूटनने 1704 च्या 'ऑप्टिक्स' या ग्रंथात काचेच्या पॉलिशबद्दल हेच सांगितलं आहे. पूड कितीही बारीक घ्या, ती काचेला ओरखडेच पाडते. कण बारीक होत गेले की ओरखडे बारीक होत जातात आणि शेवटी डोळ्याला दिसेनासे होतात. म्हणजे चकाकणारा पृष्ठभागही ओरखड्यांनी भरलेलाच असतो! पुढे संशोधकांनी यात बरीच भर घातली, धातूचा वरचा थर घासताना थोडा सरकतो आणि पसरतो हेही दाखवलं. पण गॅरेजात न्यूटनचा हिशोब पुरतो. म्हणूनच कारागीर पाणी पेपर 400 नंबरचा, मग 800, मग 1500, मग 2000 असा चढत्या नंबराने घेतो. आधीच्या पेपरचे ओरखडे पुढच्याने पुसायचे. मधला नंबर गाळला तर शेवटी कितीही बफ मारा, उन्हात गाडी वळली की जुने चरे डोळा मारतातच.

आणि हे कण कशाचे? गंमत ऐका. सोनार दागिन्याला शेवटचा हात देतात ती लाल पूड, 'रूज', म्हणजे लोखंडाचा ऑक्साइड. गंजही तोच. गाडीच्या पांढऱ्या पेस्टमध्ये बहुधा ॲल्युमिनियमचा ऑक्साइड असतो, आणि ॲल्युमिनियमला मंद पाडणारी सायही त्याचीच. ज्याने चमक जाते, त्यानेच ती परत आणायची.

आता गाडीपाशी जाऊ. पॉलिश निवडण्याआधी धातू ओळखायचा. खिशात चुंबक ठेवा. पद्मिनीच्या बंपरला ते चिकटतं, कारण मुलाम्याखाली पोलाद आहे. दाराच्या मुठीला चिकटत नाही, कारण ती जस्ताची ओतीव आहे. दोन्हींवर क्रोम सारखंच दिसतं, पण एकाखालून तांबूस गंज येतो आणि दुसऱ्याखालून पांढरट फोड.

क्रोमचा मुलामा किती जाड असतो? सजावटीच्या कामात एक मायक्रॉनहूनही कमी. माणसाचा केस पन्नास मायक्रॉनच्या पुढे. चमकेचा खरा पाया क्रोमखालचा निकलचा थर असतो. तो दहा-वीस मायक्रॉनचा. क्रोम वर बसतं ते निकल काळवंडू नये म्हणून. क्रोम अतिशय कठीण, पण त्याच्या थरात सूक्ष्म भेगा असतात. त्यांतून पाणी खाली उतरतं, पोलादाला गाठतं आणि मग तो तपकिरी ठिपका वर येतो.

बंपरवर पॉलिश लावून पाहायची माझी पद्धत साधी आहे. बंपर खालच्या बाजूला वळतो तिथे, कुणाच्या नजरेला न येणाऱ्या जागी, चिकटपट्टीने शेजारी शेजारी चौकोन पाडायचे. एकावर ब्रासो, दुसऱ्यावर गाडीच्या धातूसाठी मिळणारी पांढरी पेस्ट, तिसऱ्यावर पाण्यात भिजवलेली ॲल्युमिनियमची फॉइल, चौथा चौकोन तसाच सोडायचा, ताडून पाहायला. प्रत्येकाला वेगळं, धुतलेलं, पांढरं सुती फडकं. बोटभर पेस्ट, हलका हात, थोडंच घासायचं. आणि मग चौकोनाकडे न बघता आधी फडक्याकडे बघायचं.

फडकं खोटं बोलत नाही. ते तांबूस झालं तर गंज निघतोय, काम बरोबर चाललंय. क्रोमवर फडकं जवळपास स्वच्छ राहिलं आणि डागही तसाच असेल, तर डाग वरचा नाही, आतला आहे. पुढे जोर करून उपयोग नाही. घासलेल्या जागी पिवळसर झाक दिसू लागली तर ताबडतोब थांबा. क्रोमची झाक निळसर असते; पिवळट दिसतंय ते निकल. म्हणजे क्रोम तिथे संपलं.

फॉइलचं बऱ्याच जणांना नवल वाटतं. ॲल्युमिनियम क्रोमपेक्षा खूप मऊ, त्यामुळे ते क्रोमला ओरखडत नाही. वर चढलेला गंज मात्र खरवडून निघतो. स्वयंपाकघरातली तारेची घासणी मात्र बंपरपासून लांब ठेवा.

ॲल्युमिनियमची तऱ्हा निराळी. उघड्या ॲल्युमिनियमवर पॉलिश लावलं की पहिल्या दोन हातांतच फडकं काळं कुळकुळीत होतं. लोक खूश होतात, केवढा मळ निघाला म्हणून. त्यातला पुष्कळ भाग मळ नसून धातूच असतो. चकचकीत पट्टीवर पुन्हा घासा, फडकं पुन्हा काळं होईल. म्हणून इथे रंग गेल्यावर थांबायचं नसतं, तर चमक आल्यावर थांबायचं असतं. अलॉय व्हीलवर याच खुणेचा उलटा उपयोग होतो. चाकावर घासून फडकं पांढरंच राहिलं, तर धातूवर लॅकरचा पारदर्शक थर आहे. तिथे धातूचं पॉलिश म्हणजे धूसर चाकाला आमंत्रण.

आता घरगुती उपाय. पितळेच्या समईला चिंच-मीठ लावणाऱ्या आजीचं रसायनशास्त्र पक्कं होतं: आम्लाने तांब्याचा ऑक्साइड विरघळतो, कणांची गरजच पडत नाही. पण समईचा न्याय बंपरला लागू नाही. क्रोमवर चिंचेने फारसं काही होत नाही. संडास धुवायच्या ॲसिडमधलं हायड्रोक्लोरिक आम्ल मात्र क्रोमचा थर चक्क विरघळवतं. आणि कॉस्टिक सोडा ॲल्युमिनियमवर पडला की बुडबुडे येतात. तो धातूच खाल्ला जात असतो. आपल्याकडच्या बोअरच्या जड पाण्याचे पांढरे डाग क्रोमवर बसतात, त्याला पातळ व्हिनेगरचं फडकं चालतं. लगेच साध्या पाण्याने धुवायचं आणि कोरडं करायचं.

ब्रासोत अमोनियाही असतो. एनसीसीच्या पट्ट्याचं बक्कल त्याने लखलखतं. पण अमोनिया आणि पितळ यांची फार सलगी बरी नाही. हिंदुस्थानातल्या ब्रिटिश फौजेची पितळी काडतुसं पावसाळ्यात तबेल्यांत ठेवली की आपोआप तडकायची. घोड्यांच्या मुतातून हवेत येणारा अमोनिया आणि पितळेत अडकलेला ताण यांची ती करणी होती. 1921 साली त्याचा उलगडा झाला. म्हणून पितळेला ब्रासो लावा, पण पुसून, धुऊन काढा. खाचाखोचांत राहू देऊ नका. फौजेचा विषय निघालाच आहे, आणि आपलं नगर तर चिलखती दलाचं माहेरघर. तिथल्या रणगाडा संग्रहालयात गेलात तर आणखी एक गोष्ट दिसेल: रणगाड्याला कुणी चकाकी देत नाही, त्याला मंद रंगच हवा. चमक हवी कुठे आणि नको कुठे, हेही ठरवावं लागतं.

घासून झाल्यावर मेणाचा पातळ हात मारा. क्रोमच्या भेगा त्याने बुजतात आणि पुढचं पॉलिश लांबणीवर पडतं. नियमित धुणं, कोरडं पुसणं आणि मेण, यात बहुतेक काम भागतं.

कुणी म्हणेल, एवढा कंजूषपणा कशाला? मुलामा गेला तर नवा चढवू. चढवता येतो. पण त्यासाठी जुना थर आम्लात उतरवावा लागतो, नव्या थरासाठी जुन्या पद्धतीच्या हौदात षट्संयुजी क्रोमियम लागतं, आणि ते कर्करोग घडवणारं विष आहे. त्याचं सांडपाणी नीट निर्विष न करता सोडलं तर ते ओढ्यात आणि विहिरीत जातं. राळेगणसिद्धी ज्या तालुक्यात आहे तिथे पाण्याची किंमत मी काय सांगावी? बंपरवर टिकलेला प्रत्येक वर्षाचा मुलामा म्हणजे न भरलेला एक हौद. पॉलिशची डबी तुमच्याकडे जितकी सावकाश संपेल, तितकं तुम्ही ते चांगलं वापरलंत असं मी समजेन.

प्रश्न असतील तर विचारा. बंपर बाहेरच उभा आहे, गाडीसकट.