कच्चें टिपण आणि पक्की वही

पेढीवरील जुन्या कारकुनाची रीत पुष्कळांच्या परिचयाची आहे. गिऱ्हाइकांची गर्दी असली म्हणजे तो प्रत्येक रक्कम लागलीच रोजकीर्दींत चढवीत बसत नाहीं. ती हाताशीं असलेल्या पाटीवर टिपतो, ‘रक्कम पोंचली’ म्हणून सांगतो, आणि सवड होतांच तें टिपण पक्क्या वहींत उतरवितो. काम झपाट्यानें उरकतें. परंतु मधल्या काळांत कोणी पाटी पुसली, तर पोंचलेली म्हणून सांगितलेली रक्कम वहींत कोठेंच सांपडावयाची नाहीं.

बँका, रुग्णालयें व कचेऱ्या यांचे हिशेब आज ज्या सर्व्हरांवर असतात, त्यांतील पुष्कळांत हीच रीत विजेच्या वेगानें चालते. तेथें पक्की वही म्हणजे हार्ड डिस्कांचा समूह. अमेरिकेंतील बर्कली येथील पॅटरसन, गिब्सन व कॅट्झ यांच्या १९८८ सालच्या निबंधामुळें अशा समूहाला ‘रेड’ हें नांव रूढ झालें. त्यावर देखरेख करणारा भाग म्हणजे कंट्रोलर, आणि कंट्रोलरची कॅश मेमरी ही त्याची पाटी होय. ही मेमरी वीज असेल तोंवरच नोंदी राखते. म्हणून तिच्या पाठीशीं एक लहानशी बॅटरी, बहुधा लिथियम-आयन जातीची, जोडलेली असते. वीज गेली तरी कित्येक यंत्रांत ही बॅटरी सुमारें ७२ तासपर्यंत पाटी पुसूं देत नाहीं.

परंतु बॅटरीला वार्धक्य चुकत नाहीं, आणि उष्णतेनें तें लवकर येतें. ती क्षीण झाल्याचें ध्यानांत येतांच कंट्रोलर सामान्यतः पाटी बाजूला ठेवून प्रत्येक नोंद थेट डिस्कवर लिहूं लागतो. काम मंदावतें, पण नोंदी सुरक्षित राहतात. मोहाचा क्षण येतो तो येथेंच. यंत्र मंद झाल्याची ओरड सुरू होते. आणि बॅटरीवांचूनच पाटी चालूं ठेवण्याचा हुकूम कित्येक कंट्रोलरांना देतां येतो, हें चालकाला ठाऊक असतें. तो हुकूम दिल्यावर एकदां जरी वीज गेली, तरी पाटीवरील नोंदी कायमच्या नाहींशा होतात.

बॅटरी बदलण्याच्या कामांत हातानें करावयाचें थोडें, आणि खात्री करून घ्यावयाचें फार. आधीं सर्व माहितीची निराळी प्रत घ्यावी. नंतर पाटीवरील नोंदी डिस्कवर उतरवून थेट लिहिण्याची पद्धति लागू करावी. पाटी कोरी झाली कीं नाहीं हें अंदाजानें ठरवूं नये. कंट्रोलर स्वतःची स्थिति सांगतो ती वाचावी. न उतरलेल्या नोंदींची सूचना देणारा दिवा कांहीं यंत्रांवर असतो. यंत्र बंद केल्यावरहि तो लुकलुकत असेल, तर बॅटरी अद्याप कोणाची तरी नोंद सांभाळीत आहे असें समजावें. अशा वेळीं तिला हात न लावतां यंत्र पुन्हां सुरू करावें व नोंदी उतरूं द्याव्या.

बॅटरी चालू यंत्रांत बदलतां येते कीं यंत्र बंद करावें लागतें, हें उत्पादकाच्या पुस्तिकेंत पाहावें. अंगावरील स्थिर विद्युत् वाहून नेणारा पट्टा मनगटास बांधावा. जोडणी तारेला ओढून काढूं नये. धातूच्या हत्यारानें बॅटरीचीं दोन टोंकें जोडलीं गेलीं तर ती तापून पेट घेऊं शकते. फुगलेली बॅटरी दाबणें वा टोंचणें त्याहूनहि घातक. काढलेल्या बॅटरीच्या टोंकांना चिकटपट्टी लावून ती अधिकृत संकलकाकडे द्यावी. भारतांत २०२२ च्या बॅटरी कचरा व्यवस्थापन नियमांनीं अशा बॅटऱ्या परत गोळा करण्याची जबाबदारी उत्पादकांवर घातली आहे.

नव्या धर्तीच्या कित्येक यंत्रांत बॅटरीऐवजीं मोठ्या क्षमतेचा कपॅसिटर असतो. वीज जातांच तो मेमरींतील नोंदी फ्लॅश मेमरींत उतरविण्यापुरती शक्ति देतो. पुढें त्या विजेवांचून टिकतात. तोहि कालांतरानें थकतोच.

नवी बॅटरी बसविली म्हणजे काम संपलें असें नाहीं. ती भारित होण्यास कांहीं तास लागतात, आणि ती समर्थ झाल्याचें कंट्रोलर सांगेपर्यंत यंत्र मंदच चालावें. तेवढा वेळ तक्रारी ऐकून घेऊन स्वस्थ राहणें, हाच या कामांतील सर्वांत अवघड भाग होय.