विद्यापीठ आणि झाकलेले शस्त्र



आजचा विषय फलकावर वाचून आपल्यापैकी पुष्कळांच्या मनात एक शंका आली असेल. अमेरिकेतील महाविद्यालयांत विद्यार्थ्याने कपड्यांआड पिस्तूल बाळगावे की बाळगू नये, हा वाद अमेरिकेचा. त्याच्याशी आपल्याला काय कर्तव्य? शंका रास्त आहे आणि तिचे उत्तर आधी दिले पाहिजे. २०२३-२४ या शैक्षणिक वर्षात अमेरिकेत शिकणाऱ्या भारतीय विद्यार्थ्यांची संख्या ३ लाख ३१ हजारांवर होती. त्या वर्षी दुसऱ्या कोणत्याही देशाचे इतके विद्यार्थी तेथे नव्हते. ज्यांच्या घरची मुले तिकडे आहेत, अशी मंडळी येथेही बसलेली असतील. दुसरे असे की, विद्येच्या जागी शस्त्र असावे काय, हा प्रश्न एका देशापुरता नाही. आपल्याकडे तो रामायणातच विचारला गेला आहे. त्याकडे आम्ही शेवटी येऊ.

प्रथम कायद्याची मांडणी पाहू. अमेरिकेच्या राज्यघटनेतील दुसरी दुरुस्ती १७९१ सालची. ती शस्त्र बाळगण्याच्या हक्काविषयी आहे. हा हक्क व्यक्तीचा आहे, असा निर्णय तेथील सर्वोच्च न्यायालयाने २००८ साली दिला आणि २०२२ साली तो घराबाहेरही मान्य केला. मात्र २००८ च्याच निकालात न्यायमूर्ती स्कॅलिया यांनी लिहून ठेवले की, शाळा आणि सरकारी इमारती यांसारख्या नाजूक जागी शस्त्रबंदी करणाऱ्या कायद्यांना या निकालाने बाध येत नाही. विद्यापीठाच्या बाबतीत मात्र प्रत्येक राज्याने आपापला मार्ग धरला. कॅलिफोर्नियासारख्या राज्याने बंदी घातली. काहींनी निर्णय विद्यापीठावर सोपविला. दहाहून अधिक राज्यांत सरकारी विद्यापीठांना परवानगी द्यावीच लागते. युटा राज्याने २००४ साली तसा कायदा केला व २००६ साली त्या राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने तो उचलून धरला. टेनेसीत २०१६ पासून ही मुभा फक्त पूर्णवेळ नोकरवर्गाला आहे. टेक्सासचा कायदा २०१५ साली संमत झाला. परवाना हवा, वय सामान्यतः २१ पूर्ण हवे आणि शस्त्र झाकलेले हवे, या त्याच्या तेव्हाच्या अटी होत्या. खासगी विद्यापीठांना त्याने निवडीची मोकळीक दिली, आणि जवळजवळ सर्वांनी शस्त्राला नकार दिला, ही गोष्ट बोलकी आहे.

हे ऐकून 'काय हे अमेरिकन!' असे म्हणून हसणे सोपे आहे. पण आपणही एकेकाळी हा हक्क मागितला होता. १८७८ च्या शस्त्रकायद्याने इंग्रजांनी हिंदी माणसाला निःशस्त्र केले, त्याची चीड मोठी होती. १९३१ च्या कराची काँग्रेसच्या ठरावात नागरिकाच्या मूलभूत हक्कांच्या यादीत, नियमांच्या अधीन राहून, शस्त्र बाळगण्याचा हक्क होता. १९४८ च्या डिसेंबरात घटना समितीत हरि विष्णु कामत यांनी तो घटनेत घालावा असा आग्रह धरला. डॉ. आंबेडकरांनी तो मानला नाही. परकी सत्तेखाली ती मागणी योग्य होती. स्वतंत्र देशात शस्त्रांवर राज्यसंस्थेचे नियंत्रण असलेच पाहिजे, असा त्यांच्या उत्तराचा आशय होता. तेव्हा शस्त्राची मागणी करणारा प्रत्येक जण माथेफिरू असतो, असे समजू नये. त्याचे म्हणणे नीट ऐकून घ्यावे.

तो पूर्वपक्ष असा. १६ एप्रिल २००७ रोजी व्हर्जिनिया टेक या विद्यापीठात एका विद्यार्थ्याने ३२ जणांना ठार मारले. त्यांत मुंबईहून शिकायला गेलेली एक विद्यार्थिनी होती, मूळचे तामिळनाडूचे एक प्राध्यापक होते. सकाळी सव्वासातच्या सुमारास वसतिगृहात दोन खून झाले. विद्यापीठाने विद्यार्थ्यांना पहिली सूचना धाडली ९ वाजून २६ मिनिटांनी. त्यानंतर अर्ध्या तासाच्या आत नॉरिस हॉल या इमारतीत उरलेले ३० जीव गेले. लिवियू लिब्रेस्कू हे रुमानियात जन्मलेले, नाझींच्या संहारातून वाचलेले ७६ वर्षांचे प्राध्यापक आपल्या वर्गाचे दार अंगाने रेटून उभे राहिले. मुले खिडक्यांतून उड्या टाकून वाचली; ते स्वतः गेले. शस्त्रवादी विचारतात, 'या थोर पुरुषाच्या हाती दाराऐवजी पिस्तूल असते तर? विद्यापीठाच्या आवारात पिस्तुलाला बंदी होती. नियम पाळणारे निःशस्त्र राहिले, मोडणारा शस्त्र घेऊन आला. मग नियमाने रक्षण कोणाचे केले?' त्याच वर्षी झाकलेल्या शस्त्राचा हक्क मागणारी विद्यार्थ्यांची संघटना स्थापन झाली. कमरेला पिस्तुलाचे रिकामे म्यान लावून मुले वर्गात बसली, असा त्यांचा निषेधाचा प्रकार. विधिमंडळांपुढे ज्या साक्षी झाल्या, त्यांत आवारातच अत्याचाराला बळी पडलेल्या तरुणींच्याही होत्या. त्यांचा प्रश्न साधा होता: तुम्ही माझे रक्षण करू शकला नाहीत, मग मला माझे रक्षण का करू देत नाही?

हा प्रश्न हसण्यावारी नेण्याजोगा नाही. आमच्या मते या साऱ्या वादात याच प्रश्नाचे वजन सर्वांत जास्त आहे. आता उत्तरपक्ष पाहू.

१ ऑगस्ट १९६६ रोजी ऑस्टिन येथील टेक्सास विद्यापीठाच्या मनोऱ्यावरून एका माणसाने दीड तासाहून अधिक वेळ खालच्या लोकांवर गोळ्या झाडल्या. त्या वेळी नागरिकांनी व विद्यार्थ्यांनी घरोघरच्या शिकारी बंदुका आणून खालून मारा केला. त्यामुळे त्याला आडोसा धरून बसावे लागले, असे शस्त्रवादी सांगतात, आणि ते खोटे नाही. पण मनोऱ्यावर चढलेल्या पोलिसांना खालून येणाऱ्या या गोळ्यांपासूनही जीव सांभाळावा लागला, हेही तितकेच खरे. टेक्सासचा नवा कायदा अमलात आला तोही १ ऑगस्ट २०१६ रोजी, म्हणजे त्या दिवसाला बरोबर ५० वर्षे झाली तेव्हा. त्याच दिवशी मृतांच्या नव्या स्मारकाचे अनावरण झाले. एकीकडे स्मरण, दुसरीकडे शस्त्राला मोकळीक.

ऑरेगन राज्यातील अम्पक्वा महाविद्यालयात १ ऑक्टोबर २०१५ रोजी नऊ जण मारले गेले. त्या वेळी आवारात एक माजी सैनिक विद्यार्थी झाकलेले पिस्तूल बाळगून होता. तो धावून गेला नाही. कारण त्यानेच सांगितले: पोलीस आले तर हल्लेखोर कोण आणि रक्षक कोण हे त्यांना कसे कळणार? हा भ्याडपणा नव्हे. शिकलेल्या शिपायाचा विवेक होता. आयडाहोत कायदा लागू होऊन पुरे तीन महिने झाले नव्हते, तोच २०१४ च्या सप्टेंबरात एका अध्यापकाच्या खिशातील पिस्तूल भर वर्गात उडून गोळी त्याच्याच पायात गेली. टेक्सास विद्यापीठ-समूहाचे तेव्हाचे कुलपती विल्यम मॅक्रेव्हन हे नौदलाचे निवृत्त अ‍ॅडमिरल. ओसामा बिन लादेनवरील २०११ ची मोहीम त्यांच्या देखरेखीखाली झाली. शस्त्राची त्यांना भीती वाटते असे कोण म्हणेल? पण विद्यापीठात पिस्तूल नको, हे त्यांनी लेखी कळविले होते. आणखी एक गोष्ट क्वचितच बोलली जाते. अमेरिकेत बंदुकीने होणाऱ्या मृत्यूंपैकी निम्म्याहून अधिक आत्महत्या असतात. परीक्षा, प्रेमभंग, एकटेपण यांनी खचलेल्या तरुणाला एक वाईट रात्र निभावून न्यायची असते. हाताशी पिस्तूल असेल तर ती रात्र निभत नाही.

येथे विरुद्ध बाजूलाही न्याय दिला पाहिजे. कायदा होताच वर्गावर्गांतून गोळीबार सुरू होईल, असे भाकीत काहींनी केले होते. ते खरे ठरले नाही. आणि बंदी असली की माणसे वाचतात, असेही नाही. कॅलिफोर्नियात बंदी असताना २०१६ च्या जूनमध्ये लॉस एंजेलिसच्या विद्यापीठात एका प्राध्यापकाचा खून झाला, आणि खुनी होता आपल्याच देशातून तेथे गेलेला, त्यांचाच एक माजी विद्यार्थी. तेव्हा नुसते मुडदे मोजून हा वाद मिटणार नाही.

मग तो कशाने मिटेल? आम्हांस वाटते, विद्यापीठ म्हणजे काय, हे आधी ठरविल्याने. आपल्या नैयायिकांनी चर्चेचे तीन प्रकार सांगितले आहेत: वाद, जल्प आणि वितंडा. तत्त्व कळावे म्हणून केलेला तो वाद. जिंकण्यासाठी केलेला तो जल्प. स्वतःचा पक्षच न मांडता दुसऱ्याचे केवळ खंडन करीत सुटणे ती वितंडा. विद्यापीठ हे वादाचे घर आहे. तेथे गुरूने शिष्याला 'तुझे चुकले' म्हणायचे असते, शिष्याने गुरूला 'हे पटत नाही' म्हणायचे असते, नापास करायचे असते, अपमान गिळायचा असतो. हे सारे एका विश्वासावर चालते: शब्दाचे उत्तर शब्दानेच मिळेल. झाकलेले पिस्तूल या विश्वासालाच हात घालते. उघडे शस्त्र निदान दिसते. झाकलेले शस्त्र ज्याच्यापाशी आहे त्याच्याइतकेच, ज्याच्यापाशी नाही त्याच्यावरही संशय आणते.

ही कल्पनेची भरारी नव्हे. ह्यूस्टन विद्यापीठात २०१६ च्या फेब्रुवारीत प्राध्यापकसभेच्या अध्यक्षांनी सहकाऱ्यांपुढे काही सूचना ठेवल्या. नाजूक विषय जपून चर्चेला घ्या, काही विषय अभ्यासक्रमातून गाळा, विद्यार्थी रागावलेला दिसला तर पुढे जाऊ नका, असा त्यांचा आशय होता. ते विद्यापीठाचे अधिकृत धोरण नव्हते. पण मनाची अवस्था त्यातून दिसते. ऑस्टिनमधील तीन प्राध्यापिका न्यायालयात गेल्या. २०१८ साली अपील न्यायालयाने त्यांचा दावा ऐकण्याजोगा ठरविला नाही. ही भीती संभाव्य गोष्टींवर आधारलेली आहे, असे त्याला वाटले. कायद्याच्या दृष्टीने ते बरोबर असेल. पण जो शिक्षक वाक्य अर्ध्यावर सोडून देतो, त्याच्या वर्गाचे नुकसान कोणत्या दाव्यात मोजणार? आणि आपल्या मुलांची गोष्ट तर निराळीच. विद्यार्थी म्हणून तात्पुरत्या मुदतीने गेलेल्या परदेशी माणसाला, काही ठरावीक अपवाद सोडता, तेथील कायदा बंदूक बाळगू देत नाही. म्हणजे वादाला बसलेल्या दोघांपैकी एकापाशी शस्त्र असू शकते; आपला मुलगा किंवा मुलगी नेहमीच दुसऱ्या बाजूला.

विशेष हे की, अमेरिकेच्या पूर्वजांना हे कळत होते. ४ ऑक्टोबर १८२४ रोजी व्हर्जिनिया विद्यापीठाच्या नियामक मंडळाने नियम केला की, कोणाही विद्यार्थ्याने आवारात शस्त्र ठेवू वा वापरू नये. त्या मंडळात जेफर्सन होते आणि मॅडिसनही होते. दुसऱ्या दुरुस्तीचा मसुदा करणारे ते हेच मॅडिसन. नियम असूनही १८४० साली तोंड झाकलेल्या एका विद्यार्थ्याने तेथील प्राध्यापक डेव्हिस यांच्यावर गोळी झाडली आणि त्यात ते गेले. विद्यापीठाने यावर काय केले? शिक्षकांना पिस्तुले वाटली नाहीत. १८४२ साली विद्यार्थ्यांच्या शब्दावर विसंबणारी सचोटीच्या प्रतिज्ञेची पद्धत सुरू केली. जॉर्जियाचे राज्यपाल नेथन डील यांनी २०१६ साली आपल्या राज्याचे शस्त्रविधेयक परत धाडले, तेव्हा याच १८२४ च्या नियमाचा दाखला दिला. पुढच्याच वर्षी तशाच विधेयकावर त्यांनी सही केली, हा राजकारणाचा भाग. असो.

आता रामायणाकडे वळू. अरण्यकांडात सीता रामाला एक गोष्ट सांगते. एक तपस्वी वनात राहत असे. इंद्र योद्ध्याच्या वेषाने आला आणि आपली तलवार त्याच्यापाशी ठेव म्हणून ठेवून गेला. ठेव सांभाळलीच पाहिजे, म्हणून तो तपस्वी फळेमुळे आणायलाही ती बरोबर नेऊ लागला. शस्त्र सतत जवळ राहिल्याने त्याचे मन हळूहळू हिंसेकडे वळले, तप सुटले, आणि शेवटी तो नरकात गेला. त्याचा हेतू वाईट होता, असे सीता म्हणत नाही. सवय माणसाला घडविते, एवढेच ती म्हणते. राम तिचे प्रेम मान्य करतो, पण धनुष्य ठेवीत नाही. पीडितांनी हाक मारली आहे, त्यांच्या रक्षणाचे वचन मी दिले आहे, असे त्याचे उत्तर.

या संवादात आम्हांस दोन्ही पक्षांचे सार दिसते. तपस्व्याने तलवार बाळगू नये हे सीतेचे खरे. पण मग तपस्व्याच्या रक्षणाला कोणी तरी उभे राहिले पाहिजे, हे रामाचेही खरे. ते कोणी तरी ओळखू येणारे, शिकलेले, आपल्या कृत्याचा जाब देणारे हवे. कोणाच्या तरी खिशात दडलेले नको. व्हर्जिनिया टेकच्या मारेकऱ्याला २००५ साली एका न्यायालयाने त्याच्या स्वतःच्याच जिवाला धोकादायक ठरविले होते. पण ती नोंद बंदूक विकणाऱ्यापुढे येणाऱ्या यादीत पोहोचली नाही. ती पोहोचली असती, सकाळची सूचना दोन तास आधी गेली असती, तर प्राध्यापकावर दार रेटण्याची वेळच कदाचित आली नसती. ज्या संस्थेला मुलांच्या हातून शस्त्र काढून घ्यावयाचे आहे, तिने त्याच क्षणी त्यांच्या रक्षणाचे दायित्व पत्करले पाहिजे: वेळेवर सूचना, जागरूक रक्षक, खचलेल्या मुलाची विचारपूस, तक्रार करणाऱ्या मुलीची दाद. हे न करता नुसती बंदीची पाटी लावणे म्हणजे त्या तरुणींच्या प्रश्नाकडे पाठ फिरविणे होय.

आपल्याकडे महाविद्यालयात पिस्तुलाचा प्रश्न तसा नाही. पण निर्भयपणे मतभेद व्यक्त करता येणारा वर्ग आपल्या गावात आहे काय, आणि रात्री ग्रंथालयातून परतणारी मुलगी सुरक्षित आहे काय, हे दोन प्रश्न आपलेही आहेत. त्यांची उत्तरे कमरेच्या म्यानात सापडणार नाहीत. ती संस्था चालविणाऱ्यांकडून, म्हणजे आपणा सर्वांकडून, मागावी लागतील.