किती मारले, किती शोधले, किती वेळ लागला



संयोजकांनी बजावलंय की नोकरीबद्दल बोलायचं नाही, छंदाबद्दल बोलायचं. माझा छंद ऐकून पुढच्या रांगेत काही माना हलतील, तरी सांगतो. मी रात्री जेवणं झाली की कॉम्प्युटरवर बंदुकीचा गेम खेळतो. वय वर्षं 43.

आपल्या 1998 च्या बॅचमधल्या काही जणांना स्टेशनजवळचा कॉम्प्युटर क्लास आठवत असेल. शिकवणारे सर चहाला गेले रे गेले की आम्ही डूम लावायचो, पुढे क्वेक. डूम 1993 चा, क्वेक 1996 चा. क्वेक नीट चालायला पेंटियम लागायचा आणि क्लासमध्ये होते 486. दार उघडलं की चित्र अडकायचं, सुटायचं तोवर आम्ही मेलेलो.

आता जो खेळतो त्याचं नाव डस्क. तो 10 डिसेंबर 2018 ला आला, डूमला बरोब्बर 25 वर्षं झाली त्या दिवशी. डेव्हिड शिमान्स्की नावाच्या माणसाने तो जवळजवळ एकहाती बनवला. दिसायला मुद्दाम जुना: ओबडधोबड चेहरे, मोठे मोठे ठिपके. माझी मुलगी म्हणाली, "बाबा, ग्राफिक्स लोड व्हायचे राहिलेत का?" गंमत म्हणजे क्वेक आमच्याकडे कधीच इतका सुरेख पळाला नव्हता. डस्क दिसतो तो आम्हाला आठवणाऱ्या क्वेकसारखा. आजच्या मेळाव्यातही तसंच चाललंय म्हणा, सगळ्यांचं अक्षर अचानक सुंदर होतं!

सुरुवातीला हातात फक्त दोन विळे असतात. अमेरिकेतलं एक ओसाड खेडं, शेतं, गोठे, चर्च. पुढे बंदुका मिळतात. अलीकडच्या बऱ्याच गेममध्ये जखमी झालात की आडोशाला बसायचं, थोड्या वेळात आपोआप बरं वाटतं. इथे ती सोय नाही. औषध हवं तर उठून शोधावं लागतं. शत्रूने झाडलेलं बहुतेक सगळं डोळ्यांना दिसतं, बाजूला सरकून चुकवता येतं, पण पाय थांबता कामा नयेत. आणि कुठेतरी लपवलेली साबणाची वडी सापडते. ती फेकून मारली की कितीही मोठा राक्षस एका फटक्यात खलास. का, ते विचारू नका.

प्रत्येक टप्पा संपला की पडद्यावर हिशेब येतो: किती मारले, किती गुप्त जागा शोधल्या, किती वेळ लागला. या हिशेबाचा फोटो काढून मी आणि आपलाच एक वर्गमित्र एकमेकांना पाठवतो. तो इथेच बसलाय. नाव घेत नाही, पण सांगायची परवानगी घेतली आहे.

तीन वर्षांपूर्वी त्याची नोकरी गेली. हे मला कोणी सांगितलं नाही, त्यानेही नाही. फक्त फोटो यायची वेळ बदलली. आधी अकराला यायचे, मग दोनला, मग पहाटे चारला. वेळा भन्नाट, गुप्त जागा सगळ्याच्या सगळ्या सापडलेल्या. इतकं चांगलं तो कधी खेळतच नव्हता. आणि मग एका आठवड्यात काहीच आलं नाही.

आपण मुलं एकमेकांना "कसा आहेस" असं सरळ विचारत नाही. मी फोन करून विचारलं, "दुसऱ्या टप्प्यातली साबणाची वडी सापडली का?" तो म्हणाला, "येतोस का?" मी रात्रीच्या एसटीने गेलो. तीन दिवस राहिलो. गेम तासभरच खेळलो असू. बाकी वेळ त्याच्या आईच्या हातची भाकरी, गच्ची आणि पुष्कळ गप्पा. वहिनींना नोकरीचं त्याने माझ्यासमोरच सांगितलं. त्यांना महिनाभर आधीच कळलं होतं, त्या वाट बघत होत्या.

आता तो बरा आहे, काम मिळालंय. फोटो अकराच्या आत येतात आणि वेळा पुन्हा सुमार झाल्यात.

त्याने आज लॅपटॉप आणलाय. जेवणानंतर दहावी 'ब' च्या वर्गात लावणार आहोत. सर, तुम्हीही या. माउस कोणत्या हातात धरायचा ते आम्ही सांगू.