गाजर खाणारा हेर आणि त्याची किटी

हात कामात असतील तर असू द्या, कान तेवढे इकडे द्या. आज बचतीचा हिशोब नाही की बी-बियाणं नाही. आज बोलू या टीव्हीवरच्या हेरांबद्दल, तेही हसवणाऱ्या हेरांबद्दल.

पन्नाशी ओलांडलेल्या मैत्रिणींना 'करमचंद' आठवत असेल. १९८५ साली ही हिंदी मालिका दूरदर्शनवर सुरू झाली. दिग्दर्शक होते पंकज पराशर. करमचंद झाले होते पंकज कपूर आणि त्याची मदतनीस किटी झाल्या होत्या सुष्मिता मुखर्जी. कुठेतरी खून व्हायचा आणि हा हेर काळा चष्मा लावून, कचाकचा गाजर खात हजर व्हायचा! विषय खुनाचा, पण बघणारे हसत असायचे.

असं का होतं? आमच्या गटात यावर चांगलीच चर्चा रंगली. पहिलं म्हणजे, भीती हलकी होते. रक्त, किंकाळ्या असलं काही असेल तर आपण लेकरांना उठवून आत पाठवतो. गाजर खाणारा हेर असला की नातवंडं मांडीवर घेऊन बघता येतं.

दुसरं, हेराचं काम आपल्या ओळखीचं असतं. टेबलावर चहाचे कप दोन का? दाराशी चप्पल कुणाची? दिवा दिवसा का चालू? ही नजर बाईला कुणी शिकवावी लागत नाही. डब्यातलं तूप दोन बोटं उतरलं तरी आपल्याला कळतं. त्यामुळे कोडं सोडवायला शाळा किती झाली हा प्रश्नच येत नाही. न शिकलेली आजीसुद्धा शेवटाआधी सांगते, "तो पुतण्याच असणार बघ!" आणि बऱ्याचदा तिचं खरं निघतं.

तिसरं, शेवट. थोड्या वेळात खरं-खोटं उघड होतं. आपल्याकडे बांधाचा दावा वर्षानुवर्षं चालतो. कोण खोटं बोललं हे साऱ्या गावाला ठाऊक असतं, पण कागदावर येत नाही. मालिकेत ते समाधान तरी मिळतं.

आता किटीकडे येऊ. ती भाबडे प्रश्न विचारायची, करमचंदचं कौतुक करायची आणि तो म्हणायचा, "शट अप किटी!" म्हणजे, गप्प बस. हे वाक्य तेव्हा इतकं गाजलं की पोरंसोरंही म्हणायची. पण मैत्रिणींनो, किटीचे प्रश्न काढून टाकले तर काय उरेल? हेराच्या डोक्यातलं आपल्याला कळणार कसं? तिने विचारलं की त्याला उलगडून सांगावं लागायचं. आपल्या मनातलाच प्रश्न ती विचारायची.

ग्रामसभेतही हेच होतं. एखादी ताई उठून विचारते, "पाइपलाइनचे पैसे आले, मग पाणी का नाही?" मागून आवाज येतो, "तुला काय कळतंय, बस खाली." मालिकेतल्या 'गप्प बस'वर हसायला हरकत नाही. सभेतल्या 'गप्प बस'वर मात्र बसायचं नाही. तिथे शेजारच्या बाईने म्हणायचं, "तिच्या प्रश्नाचं उत्तर द्या आधी."

आणखी एक. आपल्या सुनांना, लेकींना 'सीआयडी' जास्त माहीत. ती १९९८ साली सोनीवर सुरू झाली आणि वीस वर्षं चालली. आपले शिवाजी साटम त्यात एसीपी प्रद्युम्न, दिनेश फडणीस हसवणारे फ्रेडरिक्स आणि दरवाजा तोडायला दया! तिथे एक थप्पड बसली की गुन्हेगार पोपटासारखा बोलतो. खऱ्या कायद्यात पोलिसांपुढे दिलेला कबुलीजबाब आरोपीविरुद्ध पुरावा म्हणून चालत नाही. खटला उभा राहतो तो साक्षीवर, वस्तूंवर, कागदांवर.

म्हणून तक्रार द्यायची वेळ आलीच, तर कोणत्या दिवशी, किती वाजता, काय पाहिलं, तिथे आणखी कोण होतं, हे लगेच लिहून ठेवा. लिहिता येत नसेल तर लेकीकडून लिहून घ्या. एफआयआरची प्रत फुकट मिळते, ती मागून घ्या. आणि साक्षीदार बाईला पोलिसांनी जबाबासाठी ठाण्यात बोलवायचं नसतं, त्यांनी तिच्या घरी यायचं असतं. हे शेजारणीलाही सांगा.

तर मालिका जरूर बघा, खळखळून हसा, गुन्हेगार कोण यावर पैज लावा. आणि गटाच्या पुढच्या बैठकीत एक करा. जी ताई कोपऱ्यात गप्प बसते, तिला सगळ्यात आधी विचारा, "तुला काय दिसतंय गं?" मग ती बोलेपर्यंत थांबा. पुन्हा भेटू, नमस्कार!